सात थांब्यांची लिफ्ट

इमारतीत तिला सगळे नोंदबाई म्हणत. प्रसूतिगृहाच्या कचेरीत तीस वर्षं तिने जन्मांच्या नोंदी केल्या. निवृत्त झाली, तर सोसायटीच्या कमिटीने सभांचं इतिवृत्त तिच्या गळ्यात मारलं. अक्षर छान आहे म्हणे! फुकट राबणारं माणूस हवं होतं, दुसरं काय. पण पाट्या टाकणं बाईंच्या रक्तातच नव्हतं. कोण काय बोललं, कोणी हात वर केला, सगळं ती लिहायची आणि पुढच्या सभेत उभं राहून मोठ्याने वाचायची. प्रसूतिगृहातही आईला नोंद वाचून दाखवल्याशिवाय तिने कधी शिक्का मारला नव्हता.

ती राहायची पाचव्या मजल्यावर. नवरा पोस्टमन, जन्मभर पायी हिंडलेला माणूस. त्याला अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. पहिले सहा महिनेच कामाचे, रोज व्यायामाला आणा, नाहीतर पाय कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि नेमकी तेव्हाच लिफ्ट कायमची बंद पडली. सात आठवडे झाले, पोस्टमन खाली उतरला नव्हता. बाई घरीच त्याचा पाय हलवून घ्यायची, पण त्याने काय होणार? पाय दिवसेंदिवस वाळत चालला होता.

कमिटीने नवी लिफ्ट बसवण्यासाठी तीन कंपन्यांची दरपत्रकं मागवली. सेक्रेटरीने त्यातलं सगळ्यात स्वस्त वाचून दाखवलं, स्वतः पहिला हात वर केला, बाकीच्यांनी त्याच्यामागून केला. अध्यक्ष नेहमीसारखे पेंगत होते. नंतर तिन्ही कागद वहीला जोडायला म्हणून बाईंकडे आले.

बाईंनी ते वाचले. वाचायची खोडच, काय करता! तिन्हींत लिहिलं होतं, 'थांबे सात'. अहो, मजले तळमजल्यासकट सात हे खरं, पण पहिल्या मजल्यावरचं लिफ्टचं दार कधीच विटांनी बुजवलेलं. लिफ्ट थांबते सहा ठिकाणी. तीन कंपन्या, तीन शिक्के, आणि एकही माणूस इमारतीत पाऊल टाकून गेलेला नाही! तळमजल्यावर राहणाऱ्या आणि लिफ्टचं बटण कधी न दाबणाऱ्या कोणीतरी हा आकडा घरबसल्या सांगितलेला. तळमजल्यावर सेक्रेटरीशिवाय राहतं कोण?

तिने स्वस्तातल्या कंपनीचा पत्ता नवऱ्याला वाचून दाखवला. त्याची जीभ जड झाली होती, डोकं नाही. तो म्हणाला, "हे तर सेक्रेटरीच्या जावयाचं घर. बारा वर्षं टपाल टाकलंय तिथे."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी तिने सेक्रेटरीला गाठून सरळ विचारलं. तो लाजला नाही की गडबडला नाही. घरचा माणूस आहे म्हणून तर काम नीट होईल, म्हणाला. मग आवाज मऊ करून म्हणाला, "वहिनी, 'सर्वानुमते मंजूर' एवढंच लिहा. सोमवारी माणसं कामाला लागतील. नाहीतर सगळं पहिल्यापासून, आणखी दोन महिने. पोस्टमनसाहेबांसाठीच तर माझी ही धावपळ."

पोस्टमनसाहेब! सात आठवड्यांत एकदा वर येऊन 'कसे आहात' विचारलं नव्हतं या माणसाने, आणि आता त्याच्याच लुळ्या पायाआड लपतोय. घरी येऊन बाईंनी जसं घडलं तसं लिहून काढलं.

रविवारी सकाळी सगळ्या सभासदांची सभा भरली. बाईंनी उभं राहून वाचलं: कंपनी जावयाची, हे सेक्रेटरीने सांगितलं नाही, मत मात्र दिलं, तिन्ही दरपत्रकांत थांबे सात. सभागृहात एकच गलका झाला. सेक्रेटरी म्हणाला, खोडा ते. बाई म्हणाली, खोडणार नाही. शेवटी मतं पडली, ठराव रद्द झाला, नव्याने दरपत्रकं मागवायचं ठरलं. शाबासकी द्यायचं राहिलं बाजूला, बाहेर पडताना चौथ्या मजल्यावरची शेजारीण तिला ऐकवून गेली, की आता दोन महिने आमचे गुडघे मोडणार ते तुमच्या कृपेने.

पाच जिने चढून बाई घरी आली. धापा टाकत सगळं नवऱ्याला सांगितलं, दोन महिन्यांचंही सांगितलं. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"मला विचारलंस?" तो म्हणाला.

बाईंनी हातातली वही खाली ठेवली.

"पाय माझा. त्याने मला विचारलं नाही. तूही नाही."

मघापासून ती नुसती संतापाने फणफणत होती, आता सगळा राग तिच्यावरच उलटला. ती पलंगाशी जमिनीवर बसली. "चुकलं माझं," ती म्हणाली. "आता विचारते. काय करायला हवं होतं मी?"

पोस्टमनला शब्द जुळवायला वेळ लागला.

"जे केलंस तेच," तो म्हणाला. "पण विचारून."