फेट्याला बसू दे पुढे

आमच्या शेजारचे दत्ताकाका गेले हे त्यांच्या मुलाने, निखिलने, सकाळी फोनवर सांगितलं आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : "कोणी फेटा आणला तर मला विचारल्याशिवाय बांधू देऊ नकोस." त्याला ते विचित्रच वाटलं असणार. पण मी आमच्या मराठी मंडळाला चांगली ओळखून आहे. इथे अमेरिकेत, हर्नडनमध्ये कोणी ज्येष्ठ गेलं की फ्युनरल होममध्ये भगवा फेटा येतोच, आणि काका तर अस्सल कोल्हापूरचे. झालंही तसंच. अध्यक्ष प्रमोदराव तयार बांधलेला फेटा नैवेद्याच्या ताटासारखा दोन्ही हातांत धरून शवपेटीकडे निघाले. मी आडवी उभी राहिले. "संध्या, सीन क्रिएट करू नको ना, प्लीज. मान असतो तो," ते दबक्या आवाजात म्हणाले. म्हटलं, "मान आहे ना? मग पुढच्या खुर्चीवर बसवा त्याला." आणि त्यांच्या हातून घेऊन मीच तो पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. निखिल मात्र रडता रडता हसला. "लीव्ह इट देअर. डॅड वुड लव्ह इट," म्हणाला.

काका विशीत शिकायला अमेरिकेत आले ते थेट दक्षिणेत. तिथल्या बसमध्ये गोऱ्यांनी पुढे आणि काळ्यांनी मागे बसायचं, असा तेव्हा कायदा होता. काका सावळे. पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हरने त्यांना खेकसून मागे पाठवलं. कॉलेजात परदेशी मुलांची व्यवस्था पाहणारे एक सज्जन गृहस्थ होते, त्यांनी तोडगा काढला : "डोक्याला तुमच्याकडचं काहीतरी बांधून जात जा. तू इथला नाहीस हे कळेल, मग कोणी त्रास देणार नाही." काकांच्या ट्रंकेत भावाच्या लग्नातला फेटा होता. तो बांधून ते बसमध्ये चढले आणि काय सांगू, तोच ड्रायव्हर "या महाराज" म्हणाल्यासारखा अदबीने बाजूला झाला! पुढची सीट मिळाली. काका सांगायचे, "संध्या, खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली गं. दोन-तीन महिने मी रोज फेटा बांधून राजासारखा कॉलेजला गेलो."

पण बसस्टॉपवर त्यांची एकाशी गट्टी जमली होती. त्याचं नाव क्लॅरेन्स. काळ्या मुलांच्या वेगळ्या कॉलेजात शिकणारा, काकांसारखाच पुलांच्या बांधणीचं वेड असलेला. दोघं स्टॉपवर तावातावाने वाद घालायचे, बस यायची, काका पुढच्या दाराशी आणि क्लॅरेन्स मागच्या. वाद अर्धवट. दुसऱ्या दिवशी तो तिथूनच पुन्हा सुरू, पुन्हा बस, पुन्हा अर्धवट... एका सकाळी क्लॅरेन्स हसत म्हणाला, "उरलेलं तुझ्या टोपीला सांगतो, तिला पुढे बसायची परवानगी आहे." ते काकांच्या असं काही जिव्हारी लागलं की बसमध्ये चढल्यावर त्यांनी फेटा उतरवला, पुढच्या सीटवर ठेवला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "सीट तुम्ही याला दिली होती. फेट्याला बसू दे पुढे. मी माझ्या मित्राशेजारी बसतो." आणि चालत मागे गेले.

पुढच्यांनी मागे बसणंही तेव्हा गुन्हाच. ड्रायव्हरने बस थांबवली, पोलिस आले, दोघांना उतरवलं, रात्रभर कोठडीत ठेवलं. तेही वेगवेगळ्या! कॉलेजने दम भरला की पुन्हा असं केलंस तर पहिल्या बोटीने परत जाशील. घरचा एकुलता एक शिकलेला मुलगा, सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे लागलेले. घाबरले का? तर घाबरले, चांगलेच. आणि दुसऱ्या दिवशी उघड्या डोक्याने पुन्हा मागे क्लॅरेन्सशेजारी जाऊन बसले. फेटा त्या बसमध्येच राहिला. नंतर आयुष्यात कधी बांधला नाही, निखिलच्या लग्नातसुद्धा नाही.

हे सगळं त्यांनी मला सांगितलं ते मेट्रो स्टेशनवरच्या कॉफीच्या दुकानात. मी रिटायर झाल्यापासून रोज सकाळी आमच्या कॉम्प्लेक्सच्या बसने आम्ही दोघं तिथे जायचो. मला ते "नागपूरची तिखट" म्हणत आणि माझा सगळा डोनट स्वतःच खात. परतताना त्याच बसमध्ये डेनिस असायची. काकांच्या बायकोला, सुमनकाकूंना, स्ट्रोक झाल्यापासून डेनिस त्यांचं सगळं बघते. तिचा हात लागल्याशिवाय काकू सकाळचा घास घेत नाहीत.

या उन्हाळ्यात बसमध्ये नोटीस लागली : फक्त रहिवाशांसाठी, गळ्यात कार्ड हवं. त्याच आठवड्यात पुण्याहून आलेली माझी भाची कार्डाशिवाय चढली, कोणी हूं की चूं केलं नाही. डेनिसला मात्र उतरवलं. आणि तिच्यासारख्याच कामाला येणाऱ्या, तिच्याच काळ्या रंगाच्या चार बायकांना. स्टेशनपासून वर चढाचा रस्ता, धड फुटपाथ नाही, आणि तिला उशीर झाला की काकू उपाशी. प्रमोदरावही याच कॉम्प्लेक्समधले, ते समजावायला आले. "काका, हा रेसचा इश्यू नाहीये, लायबिलिटीचा आहे, उद्या अपघात झाला तर भरपाई कोण देणार? आपण कशाला मध्ये पडायचं?" काका म्हणाले, "मलाही तेव्हा कॉलेजात हेच सांगितलं होतं, प्रमोद. बाकी सगळं बदललं, पण हे वाक्य काही म्हातारं झालं नाही."

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर काका बसमध्ये चढले, गळ्यातलं कार्ड काढलं, पुढच्या सीटवर ठेवलं आणि काठी टेकत उतरले. पुढचं मला पाठ होतं. माझंही कार्ड शेजारच्या सीटवर गेलं. डेनिस चिडली होती, "मिस्टर डी, तुमचे गुडघे!" काका म्हणाले, "गुडघे माझे, रस्ता सरकारचा, तू चल." रोज आम्ही चालायचो. रस्त्यात दमले की काका कुठल्यातरी पुलाची गोष्ट काढून उभे राहायचे, म्हणजे दमलेत हे दिसू नये. हळूहळू कॉम्प्लेक्समधले आणखी लोक आले. व्हिसावरची पोरंसुद्धा आली, बाप्पा, ज्यांची ग्रीन कार्डं लटकलेली आहेत ती. बस पुढे निघून जायची, आत नुसती कार्डं बसलेली.

आणि मग एका पहाटे काका झोपेतच गेले. "त्या चालण्यानेच गेले," असं काही जण म्हणतात. माझ्या तोंडावर म्हणून दाखवा! नव्वदी ओलांडलेला माणूस वयाने गेला. चालण्याने तर ते जगले. मला त्यांचा राग येतो तो एवढ्यासाठीच की वाद अर्धा टाकून गेले.

दिवसकार्य झाल्यावर मॅनेजमेंटने तडजोड पाठवली : कामाला येणाऱ्यांनी मागच्या सीटवर बसावं, जागा उरली तर. मागच्या सीटवर! मी कॉम्प्लेक्सच्या मीटिंगमध्ये एवढ्या मोठ्याने हसले की प्रमोदरावांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मग तेच उठले आणि म्हणाले, "नो, थँक यू. आम्ही चालतो." दुसऱ्या दिवशी नवे पांढरे बूट घालून स्टेशनवर हजर.

परवा मॅनेजरबाईंची मेल आली. मृत रहिवाशाचं कार्ड ही कॉम्प्लेक्सची मालमत्ता आहे, ते परत करावं. कार्ड अजून तिथेच आहे, बसच्या पुढच्या सीटवर. फोटोत काका नेहमीसारखे कपाळाला आठ्या घालून, उघड्या डोक्याने. ड्रायव्हर त्याला हात लावत नाही. मी उत्तर लिहिलं : "कार्ड बसमध्येच आहे. डेनिसला चढू द्या, ती आणून देईल."