बोट सुटनं, बोट सुटनी

नमस्कार मंडळी. या सदराची मी गेली पाच-सहा वर्षं नुसती वाचक आहे, आणि खोटं कशाला बोलू, फिदीफिदी हसणारी वाचक. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, मागे वळून बघितलं तर कोणीच नाही... असलं काही आलं की मी जेवणाच्या सुट्टीत ते सिस्टरला मोठ्याने वाचून दाखवायचे. मी जळगावात एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढते. सत्तावीस वर्षं झाली या कामाला. माणसाच्या आत काय असतं ते रोज बघते – हाडं असतात, हवा असते, एखाद्याने गिळलेलं बटण असतं. आत्मा-बित्मा अजून एकाही फिल्मवर आलेला नाही.

तर आता माझी पाळी आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा. मला फक्त हे एकदा सरळ लिहून काढायचंय, कारण घरात बोलायला आता कोणी उरलं नाही.

आम्ही जळगावातच, पिंप्राळ्यात राहतो. राहत होतो म्हणायला हवं. मी आणि माझे वडील, नाना. मी लग्न केलं नाही, आई लवकर गेली, त्यामुळे आम्ही दोघंच. नाना मूळचे धरणगावचे. इथे एका डाळ मिलमध्ये फिटर होते. वय ब्याण्णव. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. उजवा हात म्हणजे नुसता खांद्याला लटकलेला. जीभही जड झाली. आणि एक गंमत झाली – जन्मभर आमच्याशी शुद्ध मराठीत बोलणारे नाना आजारपणात पुन्हा लहानपणीच्या अहिराणीवर गेले.

नानांचा स्वभाव मवाळ, पण दोन गोष्टी विचित्र होत्या. एक, ते जळगाव स्टेशनवर कधी पाय ठेवायचे नाहीत. मुंबईला जायचं झालं तरी भुसावळला जाऊन गाडी पकडायचे. आम्ही उलट्या गंगेचे म्हणून चिडवायचो. दुसरी, त्यांनी मला लहानपणी कधी बोट धरू दिलं नाही. बाजारात ते माझं मनगट धरायचे, तेही असं घट्ट की लाल वळ उठायचे. बाकीच्या मुली बापाचं बोट धरून चालायच्या आणि मी पकडून आणलेल्या चोरासारखी.

मागच्या माघात नानांचं एक नवीनच सुरू झालं. सकाळी डोळे उघडले की म्हणायचे, "बोट... बोट सुटनं." दिवसभर तेच. कधी म्हणायचे "बोट सुटनं", कधी म्हणायचे "बोट सुटनी", आणि डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, बोट निखळलं असेल. पलंगाच्या कडेला हात आपटला असेल. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, स्वतः दोन अँगलनी एक्स-रे काढला. वयाप्रमाणे झीज होती, बाकी बोट ठणठणीत. तरी मलम लावलं, तर्जनी शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधून टाकली. ते डाव्या हाताने पट्टी उपटायचे, मी पुन्हा बांधायचे, आणि वर रागवायचे, "नाना, लहान आहात का तुम्ही?" हे तीन आठवडे चाललं. तीन आठवडे, मंडळी.

मग शिरपूरहून आत्या आली. नानांची धाकटी बहीण, सत्त्याऐंशीची, पण कान-डोळे शाबूत. ती पलंगाजवळ बसली होती आणि मी मलमाची ट्यूब घेऊन आले.

"हाई काय लावस वं?"

"अगं बोट दुखतंय त्यांचं. सारखं बोट सुटलं म्हणतात."

आत्याने वाकून कान नानांच्या तोंडाशी नेला. नाना म्हणाले, "बोट सुटनी व..."

"येडी शे का तू?" आत्या माझ्यावर खेकसली. "सुटनी म्हनस तो. हातनं बोट सुटनी व्हस का? पानीवरनी बोट! तो बोटनी गाडीनी वाट देखी ऱ्हायना."

मी ट्यूबचं झाकण लावलं. ते बोट आणि ती बोट. शाळेतल्या पोराला कळेल असा फरक, आणि मी समजत होते की झटक्यामुळे नानांची जीभ अडखळते आहे.

आत्याने मग जे सांगितलं ते मला छप्पन्न वर्षांच्या वयात पहिल्यांदा कळलं. नानांना एक थोरला भाऊ होता. दादा. धरणगावच्या कापसाच्या जिनिंगमधल्या गोऱ्या इंजिनीअरकडे तो स्वयंपाकाला होता, असेल सतरा-अठरा वर्षांचा. साहेब विलायतेला परत निघाला आणि दादाला बरोबर न्यायचं ठरलं. तेव्हा दिल्लीकडून एक गाडी यायची, ती साहेबलोकांना आणि टपालाला घेऊन थेट मुंबईच्या धक्क्यावर जायची. गाडीतून उतरलं की समोर बोट उभी. आपल्याकडचे लोक तिला बोटनी गाडी म्हणायचे. आत्या म्हणाली, "मी तव्हय पायनामा. बठ्ठं माले मायनी सांगेल शे." म्हणजे ती तेव्हा पाळण्यात होती, सगळं तिने आईकडून ऐकलेलं.

त्यांची आई, म्हणजे माझी आजी, दादाला सोडायला तयार नव्हती. पण साहेबापुढे बोलणार कोण? मग तिने आपल्या परीने एक युक्ती केली. सहा वर्षांच्या नानांना जळगाव स्टेशनवर नेलं आणि दादाचं बोट त्यांच्या मुठीत दिलं. "काहीबी व्हवो, दादानं बोट सोडजो नको." तिला वाटलं, लहान भाऊ असा चिकटून राहिला की पोराचा पाय निघणार नाही. नानांनी बोट धरून ठेवलं. साहेबाचं सामान चढलं, साहेब चढला, दादा दारापाशी तसाच उभा. हलेना. आजीला वाटलं, जमलं. तेवढ्यात इंजिनाची शिट्टी झाली, आणि सहा वर्षांचं पोर जे करेल तेच नानांनी केलं. दोन्ही हात कानांवर ठेवले.

दादा गेला. त्याचं एक पत्र आलं, मग लढाई लागली. मग काहीच नाही. आजी मरेपर्यंत रागाच्या भरात एकच बोलायची – "तू बोट सोडं म्हनीसन तो गया."

म्हणजे नाना दोन्ही म्हणत होते. हातातलं बोट सुटलं आणि पाण्यावरची बोटही सुटली. आणि मी, हाडांची मोठी जाणकार, त्या बोटाला पट्टी बांधत होते. त्या दिवशी मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

आत्याने नानांच्या कानाशी तोंड नेऊन कुठे जायचंय ते विचारलं, "नाना, कथा जानं शे तुले?" नाना स्पष्ट म्हणाले, "टेसनवर. दादा येवाव शे." मी विचार केला, काय हरकत आहे? मनाचं समाधान. दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकली, दवाखान्यातून चाकाची खुर्ची आणली. आत्याचे गुडघे चालत नाहीत, ती घरीच थांबली. आमचे नेहमीचे रिक्षावाले भाऊ होते, त्यांनी नानांना उचलून बसवलं, उतरवलं आणि आमच्याबरोबर आत आले.

वेळ दुपारी साडेतीन. मुद्दाम सांगते, कारण अंधार-बिंधार काही नव्हता. प्लॅटफॉर्म एकच्या शेवटाला, जिथे गर्दी नसते, तिथे खुर्ची लावली. पलीकडे एक बाई पेरू कापून पोरांना देत होती. रिक्षावाले भाऊ बाकावर बसून मोबाईल बघत होते. नाना रुळांकडे तोंड करून बसले होते. दहा मिनिटं काहीच नाही. मी मनात म्हणत होते, आता घरी गेल्यावर चहा टाकू.

आणि नानांचा उजवा हात वर आला.

तीन वर्षं ज्या हाताने चमचा उचलला नव्हता तो हात मांडीवरून उठला, कानाच्या वर गेला, आणि तिथे मूठ वळली. लहान मूल मोठ्या माणसाचं बोट धरतं त्या उंचीला. रिक्षावाले भाऊ उभे राहिले. "ताई, त्यांचा तो हात तर गेलेला होता ना?" अशा पेशंटची मूठ आवळते, ते मी पुष्कळ पाहिलंय. पण हात असा उचलला जात नाही.

मग लांबून भोंगा आला. मालगाडी होती, न थांबता जाणारी. नानांचा डावा हात झटकन कानाकडे निघाला... आणि अर्ध्यात थांबला. मग तो खाली न येता उजव्या मुठीवर जाऊन बसला. दोन्ही हातांनी धरलं त्यांनी. गाडी धडधडत समोरून जात होती आणि भोंगा कानठळ्या बसवत होता. आता सोडणार नाही म्हणून नाना ओरडत होते, "आते सोडाव नही, दादा! आते सोडाव नही!"

हसत होते ते. मी माझ्या बापाला असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं.

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण त्यांचे ओठ निळे पडायला लागले, सगळं अंग हलत होतं. मला वाटलं, झटका येतोय. सत्तावीस वर्षांची सवय. मी डावा हात बाजूला केला आणि मूठ उघडायला माझी दोन बोटं आत घातली.

आत बोट होतं.

नीट वाचा. नानांची पाचही बोटं मला बाहेरून दिसत होती, अंगठा वर होता. हाताची हाडं मला पाठ आहेत, माझा घोटाळा होणार नाही. मुठीच्या आत सहावं बोट होतं. जाड, कोमट, टोकाला भाजून निबर झालेलं, नखासकट. दिसत काहीच नव्हतं, नानांच्या मुठीच्या वर मोकळी हवा होती. पण बोटांना लागत होतं. आणि ते जरासं वाकलं. म्हणजे तेही नानांना धरून होतं.

मी किंचाळले. घाबरून दोन्ही हातांनी नानांची मूठ ओढली आणि उघडली.

बस्स. हात खाली पडला, मांडीवर, पूर्वीसारखाच निर्जीव. मालगाडीचा शेवटचा डबा निघून गेला. नाना क्षणभर रिकाम्या तळहाताकडे बघत राहिले. मग सहा वर्षांचं मूल जसं रडतं तसं तोंड वासून रडले, आणि डाव्या हाताने माझ्याकडे दाखवत कोणाला तरी सांगायला लागले, "माय, मी नही सोडं व! हिनी वढं! मी नही सोडं, हिनी वढं!"

रिक्षात मी त्यांच्या पायांशी बसले होते. "नाना, मी आहे, ओळखलं का?" असं विचारत होते. त्यांनी मान फिरवली.

घरी आल्यावर मात्र नाना शांत झाले. आत्याच्या हातून खिचडी खाल्ली. कित्येक आठवड्यांनी गाढ झोपले. पुढचे तीन दिवस जो भेटायला येईल त्याला ते न अडखळता एकच सांगायचे, "मी नही सोडं." चेहरा असा मोकळा की बघत राहावं. आत्या म्हणाली, "बरं व्हयनं बेटा, त्याना जीव मोकया व्हयना. ऐंशी वरीसनं वझं उतारं तू." चौथ्या दिवशी सकाळी ते गेले.

डॉक्टरांना मी हाताचं विचारलं. ते म्हणाले, कधी कधी शेवटी अशी ताकद येते. असेल. रिक्षावाल्या भाऊंनी हात पाहिला, हसू पाहिलं. मुठीच्या आतलं फक्त मी अनुभवलं, त्याला साक्षीदार नाही. मनाचे खेळ म्हणाल तर मी भांडणार नाही, दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. ते बोट कोणाचं होतं, आणि मी ओढलं नसतं तर काय झालं असतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि कोणाकडे असेल असं वाटतही नाही.

आत्याचं खरं असेल, त्यांचं ओझं उतरलं असेल. पण ते उतरायला कोणावर तरी टाकावं लागलं. नानांसाठी मी शेवटी त्यांची मुलगी राहिलेच नव्हते, दादाचं बोट सोडवणारी ती बाई झाले होते. ज्या बापाचं मी तीन वर्षं सगळं केलं, त्याने शेवटचे तीन दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. मी भांडं पुढे केलं की ओठ घट्ट मिटायचे. शेवटचं पाणीसुद्धा आत्याने पाजलं, आणि मी त्यांना दिसू नये म्हणून दाराच्या मागे उभी होते.