तळातला बोळा

इस्पितळाच्या धुलाईघरात एकतीस वर्षं काढलेल्या मावशींना सगळे मावशीच म्हणत. रक्ताची चादर असो की पुवाचा टॉवेल, मावशींनी कधी तोंड वाकडं केलं नाही. कारण ती घाण आजाऱ्यांची होती, देवाने दिलेली होती. पण धडधाकट माणसाने आळसापोटी साठवलेली घाण पाहिली की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

आणि नवऱ्याने घेतलेली जुनी मोटरबोट अशा घाणीने गच्च भरलेली होती.

बोट घेतली ती ताईसाठी. मावशींची थोरली बहीण खाडीपलीकडे राहायची, दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली. फेरीबोट बंद पडली तेव्हापासून तीन बस बदलून जावं लागे, अख्खा दिवस मोडे. महिन्यातून एकदा जाणं व्हायचं. तिथल्या सुनेला वेळ नसे, ताईच्या केसांची जट झाली होती. बोटीने वीस मिनिटांचा रस्ता. दर रविवारी जाऊन ताईला न्हाऊ घालायचं, एवढंच मावशींच्या मनात होतं.

नवरा निवृत्त बसड्रायव्हर. इंजिन चालू करून, डोळे मिटून त्याने आवाज ऐकला आणि सौदा पक्का केला.

"अगं, काय गातंय बघ इंजिन!"

"मुलगी बघायला गेलात आणि नुसतं गाणं ऐकून आलात," मावशी नाकाला पदर लावून म्हणाल्या. "तोंड बघितलंत का तिचं?"

आत लिंबाच्या सुगंधाच्या चार डब्या टांगलेल्या होत्या. मावशींना तिथेच संशय आला. त्यांच्या धुलाईघराचा नियम होता, वास झाकायचा नाही, वासाचं घर शोधायचं. शुक्रवारी सकाळीच त्या बादली, ब्रश आणि साबण घेऊन धक्क्यावर बांधलेल्या बोटीत उतरल्या.

बैठकीची गादी उचलली तर खाली काळी बुरशी, त्यात माशांचे खवले आणि कुणाचा तरी केसांनी भरलेला कंगवा. कपाटात अर्धवट खाल्लेलं काहीतरी होतं, ते काय असावं हे कळण्याच्या पलीकडे गेलेलं. संडासाबद्दल तर न लिहिलेलंच बरं. मावशी प्रत्येक वस्तूला "शी, शी" म्हणत होत्या आणि हात मात्र थांबत नव्हता.

"विकणाऱ्याला आई-बहीण नव्हती का हो?"

"होऊ दे की साफ," नवरा धक्क्यावरून म्हणाला. "नवी घेण्याची ऐपत आहे का आपली?"

दुपारी त्यांनी इंजिनावरची फळी उचलली. खाली तेलकट काळं पाणी, वर जाड साय. पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाच्या तोंडात ओंजळभर गिचगिचीत केस आणि चिंध्या. त्या ओढून काढल्यावर पंप खरखरला आणि पाणी हटलं. तेव्हा कोपऱ्यात, इंजिन थंड ठेवायला खाडीचं पाणी आत घेणाऱ्या पितळी तोटीच्या बुडाशी, ग्रीसने माखलेला कापडाचा एक बोळा दिसला. वासाचं घर सापडलं! मावशींनी दोन बोटांत धरून तो ओढला आणि शिसारी येऊन बादलीत टाकला.

त्या जागेतून मनगटाएवढी धार उसळली.

"अहो! पाणी!"

नवरा धावत आला. तोटी फिरवायला गेला तर ती मीठ धरून घट्ट बसलेली. पाणी घोट्याला लागलं. मावशींनी देवाचं नाव घेतलं, बादलीत हात घातला, तो बुळबुळीत बोळा मुठीत दाबून पुन्हा भोकात खुपसला आणि तळव्याने दाबून धरला. ग्रीस कोपरापर्यंत ओघळलं. उमासा आला, तो त्यांनी गिळला. नवऱ्याने बोलावलेला बोटींचा मिस्त्री येऊन बोट उतारावरून वर ओढेपर्यंत त्या तशाच वाकून बसल्या होत्या.

मिस्त्रीने तडकलेली तोटी दाखवली. "काका, कुणीतरी चिंधी कोंबून वर ग्रीस थापलंय. खाडीच्या मधोमध हे निघालं असतं तर इंजिन गातच बुडालं असतं."

नवरा बोटीत चढला. त्याने लिंबाच्या डब्या तेवढ्या तोडून फेकल्या.

"तोटी नवी बसेपर्यंत बोट वरच," मावशी म्हणाल्या. "आणि मी पूर्ण तळ खरवडल्याशिवाय ताईच्या दारी हिला नेणार नाही."

रविवारी त्या तीन बस बदलून गेल्या. ताईला टेकवून बसवलं, गरम पाणी घेतलं, एकेक जट सोडवत डोकं चोळलं. ताईने डोळे मिटले होते. मग डोळे उघडून, नाक मुरडून म्हणाली, "तुझ्या हातांना कसला गं घाणेरडा वास येतोय?"

"तुझ्या बोटीचा," मावशी म्हणाल्या. "सात वेळा धुतले, मेला जात नाही. डोळे मीट, पाणी ओतते."