लाल जरा सरकलाय

दर बुधवारी कॉलेज रोडवरच्या कॉमिक्सच्या दुकानातून माझ्यासाठी एक पाकीट निघतं. त्यात आठवड्याचे नवे सुपरहिरो असतात, चार नाहीतर पाच, प्रत्येक जण आपापल्या प्लास्टिकच्या पिशवीत. दुकानदार दर वेळी बजावतो, "मॅडम, बघून परत द्या, पण कोपरे जपा हं." कोपरे! इथे माणूस झिजून चाललाय त्याचं कुणाला काही नाही, आणि याला कोपऱ्यांची काळजी.

मी इथल्याच एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत या कॉमिक्सची परीक्षणं लिहिते. आठ वर्षं झाली. आठ वर्षांत मला कळलं ते एवढंच की इथे कुणी मरत नाही. मेला तरी तिसऱ्या महिन्यात उठून बसतो, आणि तो गेला म्हणून आपण जे चार बरे शब्द लिहिलेले असतात ते फुकट जातात. हात धरल्याशिवाय उडता न येणारे दोन जुळे भाऊ आहेत, त्यांचं दर सहा महिन्यांनी भांडण होतं. एकाची सावली त्याचं ऐकत नाही. एक बाई रागावली की काचेची होते. पहिल्या वर्षी मला या सगळ्यांबद्दल मतं होती. आता पाकीट फोडताना पहिला विचार येतो तो हाच, की अरे देवा, पाच आहेत.

मग लिहिते कशाला? अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील.

अण्णा नाशिक रोडला प्रेसमध्ये होते. टपालाच्या तिकिटांचे छापलेले कागद तपासायचं काम. भिंग घेऊन बसायचं आणि कागदामागून कागद बघायचा, कुठे रंग रेषेबाहेर सरकलाय का, कुठे ठिपका पडलाय का. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं, आणि घरी येऊन विरंगुळा म्हणून काय, तर कॉमिक्स. स्टेशनवरच्या स्टॉलवरून आणायचे, माझ्या नावावर. "पोरीला हवं होतं," असं आईला सांगायचे. पोरीला काही नको होतं. पोरीच्या हातात ते पडायचं अण्णांचं वाचून झाल्यावर, आणि तेही "कव्हरवर लाल जरा सरकलाय बघ" हे ऐकून घेतल्यावर.

तर या परीक्षणांमधली निम्मी मतं अण्णांची होती. काचबिंदूने त्यांचा डावा डोळा आधीच गेला होता आणि उजव्याने दिसायचं, त्यांच्या भाषेत, "कामापुरतं". बारीक अक्षर लागत नव्हतं. म्हणून मी पान उलटून चित्रं सांगायची, इंग्रजी संवाद मराठीत वाचून दाखवायची, आणि ते निकाल द्यायचे. शेवटी मी कव्हर त्यांच्यासमोर धरायची. ते भिंग लावून, मान तिरपी करून बघायचे आणि एक ओळ सांगायचे. ती ओळ परीक्षणात सगळ्यात शेवटी जायची: "छपाई: लाल अर्धा केस डावीकडे सरकला आहे." लोकांना माझ्या परीक्षणापेक्षा ही ओळ जास्त आवडायची, हे मला संपादकांनी तोंडावर सांगितलं होतं. आई गेल्यापासून त्या एका ओळीसाठी अण्णा आठवडाभर थांबून असायचे. सदर बंद करावंसं मला शंभरदा वाटलं असेल. पण बंद केलं तर या माणसाकडे उरेल काय, हा प्रश्न आला की मी गप बसायची.

गेल्या द्राक्षाच्या सीझनला मात्र माझा कडेलोट झाला. मी पिंपळगावला एका पॅकहाऊसमध्ये कागदपत्रं बघते. परदेशी जाणाऱ्या कंटेनरबरोबर जेवढी द्राक्षं जातात जवळजवळ तेवढेच कागद जातात, आणि एक आकडा चुकला तर कंटेनर बंदरात उभा राहतो. सीझनला सुट्टी हा शब्द काढायचा नसतो. सकाळी सातची बस पकडायची. त्यामुळे आमची बैठक सकाळी सहाला आली. अण्णा आंघोळ करून, भिंग पुसून तयार. मी अर्धवट झोपेत.

मी पानं गाळायला लागले. मारामारीची पानं तर सरसकट. "इथे मारामारी आहे, पुढे," म्हणायचं आणि चार पानं एकदम उलटायची. अण्णा "हं" म्हणायचे.

आणि मग एका शुक्रवारी मी साडेसहाला उठले. पाच कॉमिक्स, अर्धा तास, डोकं ठणकतंय. चार कसेबसे उरकले. पाचवा त्या काचेच्या बाईचा. तो मी पिशवीतून काढलासुद्धा नाही. मांडीवर तसाच ठेवला आणि मनाने गोष्ट सांगितली. म्हटलं, या वेळी काय होतं, बाई बहिणीशी भांडते, रागाने काचेची होते आणि फुटते. स्वयंपाकघरात, फरशीवर. तिची बहीण गुडघ्यावर बसून एकेक तुकडा वेचते, जुळवते. सगळी बाई उभी राहते, फक्त एक तुकडा मिळत नाही. नंतर बहीण चालताना लंगडते तेव्हा कळतं की तो तुकडा तिच्याच पायात गेलाय आणि तिने सांगितलेलं नाही.

कुठून आलं हे, मला ठाऊक नाही. झोपेतून आलं असेल.

अण्णा खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "अशी गोष्ट दोन वर्षांत आली नाही. चार तारे दे. नाही, साडेचार." मी सवयीने कव्हर धरलं, पिशवीसकट. त्यांनी भिंग लावलं. "लाल जरा सरकलाय. उजवीकडे." मी मोबाइलवर टिपून घेतलं आणि बसला पळाले. बसमध्ये मला आधी हसू आलं, मग लाज वाटली, मग झोप लागली. पिंपळगावच्या स्टॉपवर कंडक्टरने उठवलं. परीक्षण मी जेवणाच्या सुट्टीत लिहून पाठवून दिलं.

रविवारी छापून आलं. मंगळवारी संपादकांचा निरोप आला, एका वाचकाचं पत्र जोडून. पत्र मी द्राक्षांच्या क्रेटवर बसून वाचलं. वाचक सभ्य होता, हेच वाईट. त्याने लिहिलं होतं की त्या अंकात बहीण नाहीच, स्वयंपाकघर नाही, कुणी फुटत नाही. बाई शेवटची दहा पानं एका यंत्राशी मारामारी करते. परीक्षण वाचून त्याने अंक मुद्दाम विकत घेतला होता. "आणि आणखी एक," त्याने शेवटी लिहिलं होतं, "कव्हरवर लाल रंग कुठेच नाही. ते काळं-हिरवं आहे. मग काय सरकलं?" खाली संपादकांची एकच ओळ: दुरुस्ती छापू या, की सदरच थांबवू या?

थांबवू या! आठ वर्षं मला हवं होतं ते ताटात वाढून आलं होतं. मी लगेच "थांबवू या" टाइप करायला घेतलंसुद्धा. पण ते लाल डोक्यातून जाईना. अंक माझ्या पर्समध्येच होता, परत द्यायचा म्हणून. काढून बघितला. काळा आणि हिरवा. काचेच्या बाईचं धूड हिरवं, मागे काळोख. लाल म्हणून औषधालाही नाही.

मग अण्णांनी भिंगातून बघितलं तरी काय?

परतीच्या बसमध्ये एकेक आठवायला लागलं. अण्णा चहा ओतताना बोट कपात धरतात, आणि मी त्यांना "शी, काय हे, बोट काय बुडवता" म्हणून झापलं होतं. टीव्हीसमोर बसतात पण हल्ली तोंड खिडकीकडे असतं. आणि दिवाळी. मी दारात पणत्या लावून आत आले तर म्हणाले, "लावल्यास का गं?" मी पिठाच्या हातांनी फणकारले होते, "समोर तर आहेत अण्णा, दिसत नाही का?" चाळीस वर्षं याच घरात वावरलेला माणूस, त्याला भिंतीला हात लावायची गरज नव्हती. आणि मी अंधारात निघायची, अंधारात यायची. मला कधी दिसणार? हायवेला टेम्पोंची रांग लागली होती, बस हलत नव्हती, आणि मी पर्स छातीशी धरून रडत होते. शेजारची बाई म्हणाली, "लय तरास हाय का ताई, पाणी देऊ?" मी पाणी घेतलं.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. अण्णा खुर्चीत. दिवा लावलेला नव्हता. आधीही कितीदा नसायचा, मला वाटायचं वीज वाचवतात.

प्रेसमधली एक रीत अण्णा नेहमी सांगायचे. तपासून गेलेल्या कागदात पुढे कुठे चूक सापडली, की ज्याने तो तपासला त्याला टेबलाशी बोलवायचे. ओरडणं नाही, विचारणं नाही. कागद आणि भिंग समोर ठेवायचं. त्याने बघायचं आणि एकच शब्द बोलायचा, "माझा." डोळे दुखत होते, उजेड कमी होता, पोरगं आजारी होतं, यातलं काही सांगायचं नाही. मग तो सगळा गठ्ठा त्याच्याकडेच परत, आणि त्याने तो पहिल्या कागदापासून तपासायचा.

मी दिवा लावला, त्यांच्यासमोर स्टूल ओढलं आणि अंक त्यांच्या हातात दिला.

"अण्णा, मागच्या शुक्रवारची ती काचेच्या बाईची गोष्ट. ती यात नाही. मी मनाने सांगितली. वाचकाचं पत्र आलंय." आणि मग मी म्हणाले, "माझा."

अण्णांनी मान हलवली. "माहीत होतं मला."

"कसं?"

"पिशवी वाजली नाही. पान वाजलं नाही. एवढी गोष्ट झाली आणि एक पान नाही उलटलं?"

मला रागच आला. "मग बोलला का नाहीत तेव्हाच? साडेचार तारे काय दिलेत! माझी शोभा झाली ना सगळीकडे!"

"गोष्ट चांगली होती," अण्णा म्हणाले. "आणि मी कुठल्या तोंडाने बोलणार होतो?" त्यांचा अंगठा अंकाच्या कडेवरून खालीवर फिरत होता. "पत्रात अजून काय आहे?"

काही नाही, असं म्हणणं किती सोपं होतं. संपादकांना दोन शब्द पाठवले असते, सदर बंद, पत्र फाडून टाकलं असतं, आणि अण्णांचा उजवा डोळा कायम कामापुरता चालत राहिला असता. मी अगदी तोंड उघडलं होतं. पण स्टुलावर बसून समोर एकदा "माझा" म्हटल्यावर पुढे खोटं रेटणं मला जमलं नाही. मी पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून दाखवलं.

अण्णांनी अंक डोळ्यांजवळ नेला नाही. भिंगही उचललं नाही.

"काळा?"

"काळा आणि हिरवा."

"लाल अजिबात नाही?"

"नाही अण्णा."

ते ताठ बसले, टेबलाशी बोलावल्यावर बसत असतील तसे. "माझा," म्हणाले.

नंतर हळूहळू बोलले. दिवाळीच्या आधीपासूनच काही दिसत नव्हतं. उजेड आहे का नाही एवढं कळायचं, मग तेही गेलं. लाल का, तर लाल बहुतेक वेळा सरकतोच, आणि सुपरहिरो म्हटला की लाल असतोच. इतके महिने खपून गेलं. "सांगितलं असतं तर तू डॉक्टर करत बसली असतीस. होण्यासारखं काही नाही हे मला त्याने आधीच सांगितलंय. आणि मग ती ओळ कोण विचारणार होतं मला?"

मी त्यांचा हात धरला आणि पणत्यांचं बोलले त्याबद्दल माफी मागितली. त्यांना ते आठवतही नव्हतं, किंवा तसं म्हणाले.

थोड्या वेळाने नेहमीच्या आवाजात म्हणाले, "दुरुस्ती लिहून टाक. दोन चुका, दोघांच्या. कारणं लिहायची नाहीत."

"आणि सदर?"

"ते मग तुझं तू बघ. तू दमली आहेस, ऐकू येतं मला. पण हा गठ्ठा परत आलाय तो तर तपासायला लागेल ना. काढ पिशवीतून."

भूक लागली होती, पाय सुजले होते, सकाळी पुन्हा सातची बस होती. मी अंक पिशवीतून काढला, नीट आवाज होईल असा. पहिलं पान उलटणार तोच अण्णा म्हणाले, "थांब. आधी कव्हर सांग. हिरवा कसला? पोपटी की कारल्याचा?"

मी बघितलं. "कारल्याचा. कडेला जरा पोपटी."

"सरकलाय का?" अण्णांनी विचारलं, आणि भिंग माझ्यापुढे धरलं.