स्टेपनी

हुशारीचं फळ माणसाला कसं मिळेल याचा काही नेम नाही. या पोरीला ते राखीव खेळाडूच्या जागेच्या रूपानं मिळालं.

रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या सांघिक प्रकारात गालिच्यावर पाच मुली उतरतात. पाचांच्या हातांत पाच मोठाल्या रिंगा, संगीत एकच, आणि फेकाफेक अशी की पहिलीची रिंग तिसरीनं पायात झेलायची, तिसरीची पाचवीनं पाठ वळवून. सहावी राखीव. कुणी आजारी पडलं, कुणाचा पाय मुरगळला, तर तिनं त्या जागी उभं राहायचं. भोळ्या माणसाला वाटेल, हे काम सगळ्यात कच्च्या मुलीला देत असतील. छे! कच्च्या मुलीला एका जागेचं काम शिकवता शिकवता नाकी नऊ येतात, आणि राखीव मुलीला पाचही जागा याव्या लागतात. म्हणून मॅडमनी दहा वर्षांच्या मुलींतली सगळ्यात चलाख पोर हेरली, नुसतं बघून उचलणारी, आणि तिला सहावी केलं. पोरीला वाटलं, आपला केवढा मान झाला. तिनं घरी जाऊन आईला मिठी मारली.

मान कसला ते पहिल्याच स्पर्धेत कळलं. पाचजणी चमकीचे पोशाख घालून आत गेल्या आणि ही त्यांच्या चपला राखत बसली.

तिचे बाबा मालाची गाडी चालवायचे. पोर हिरमुसली की ते समजूत घालत, "अगं, गाडी कितीही नवी असू दे, स्टेपनीवाचून कुणी लांबच्या वाटेला निघतं का?" एकदा तिला न्यायला आले असताना हे त्यांनी हॉलच्या दारातच, सगळ्या मुलींच्या देखत म्हटलं. प्रेमानंच म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून पोरीचं नाव स्टेपनी पडलं, ते मॅडमच्या तोंडीही बसलं. बाबांना हे कधी कळलं नाही. कळलं असतं तर त्यांनी स्वतःची जीभ हासडली असती.

मॅडमनी कधी कुणावर हात उगारला नाही. त्यांना गरजच नव्हती, त्यांच्याकडे स्टेपनी होती. पाचांतली एखादी ढिली पडली की त्या टाळी वाजवत. "स्टेपनी, ऊठ. हिच्या जागी करून दाखव." स्टेपनी उठायची आणि त्या मुलीहून चांगलं करून दाखवायची. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं की मॅडम म्हणायच्या, "झालं. बस आता." मग ती मुलगी दातओठ खात दुप्पट मेहनत करायची. स्टेपनीचा उपयोग तिथं संपायचा.

साहजिकच पाचही जणी तिला पाण्यात पाहायच्या. स्पर्धेआधी सगळ्या एकमेकींचे अंबाडे घालून द्यायच्या, हिचा अंबाडा हिनं आरशाशिवाय घालायचा. दुसऱ्या जागेवरची मुलगी एकदा तोंडावर म्हणाली, "मी मरायची वाट बघत टपून बसलीयेस ना?"

"नाही गं," स्टेपनी म्हणाली.

तसं ते खरंच होतं. मरावं असं नव्हतं तिच्या मनात. घोटा मोडावा, एवढंच. कुणाचाही चालला असता, त्या बाबतीत ती अगदी निःपक्षपाती होती.

अशी वर्षं गेली. या खेळात अठराव्या वर्षी मुलगी म्हातारी होते. सतरावं सरत आलं, आणि शेवटच्या मोठ्या स्पर्धेच्या सकाळी चौथीचा घोटा सुजला. स्टेपनीला इतका आनंद झाला की तिला स्वतःचीच लाज वाटली, पण ती फार वेळ टिकली नाही. मॅडमनी चौथीचा पोशाख तिच्या अंगावर टाकला. आई लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करायची. रजा टाकून आली होती. तिनं गुडघ्यांवर बसून पोशाखाला टाके घातले आणि उठताना लेकीच्या गालावरून हात फिरवला. वर प्रेक्षकांत बाबा तासभर आधीपासून उभे होते. बसा म्हटलं तरी बसेनात.

निम्मा खेळ देखणा झाला. चौथीची जागा स्टेपनीनं अशी सांभाळली की पंचसुद्धा पुढे वाकले. मग दुसरीला गिरकीतून बाहेर यायला जरासा उशीर झाला. तिची जागा एक श्वासभर रिकामी राहिली.

सात वर्षं स्टेपनीला एकच धडा दिला होता: रिकामी जागा दिसली की भर. तिनं विचार केलाच नाही. तिचं अंगच धावलं. दुसरी आपल्या जागी पोचली तेव्हा तिथं आधीच कुणीतरी उभं होतं. दोघी एकमेकींवर आदळल्या. आणि चौथ्या जागेवर, जिथं आता कुणीच नव्हतं, तिथं पाचवीनं अगदी अचूक फेकलेली रिंग पडली, आणि गडगडत पंचांच्या टेबलाखाली गेली.

पदक गेलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते स्टेपनीला कपडे बदलायच्या खोलीत कळलं.

"एक जागा दिली होती तुला," मॅडम म्हणाल्या. "एक."

आईला राहवेना. "मॅडम, उशीर तर त्या दुसरीला झाला होता."

"तो कुणाला दिसला? दिसली ती ही."

दुसरी कोपऱ्यात केसांतल्या पिना काढत होती. तिला सगळं ठाऊक होतं. ती पिना काढत राहिली.

काही महिन्यांनी मॅडमचा निरोप आला. लहान मुलींची नवी तुकडी घेतली होती, हाताखाली कुणीतरी हवं होतं. स्टेपनी धावत गेली. न जाऊन करते काय? शाळेत ती जेमतेम पास व्हायची, मैत्रीण एक नव्हती, त्या हॉलबाहेर तिला काही येत नव्हतं.

"चौथीही यायला तयार आहे," मॅडम म्हणाल्या. "पण मला नजर असलेली मुलगी हवी. सांग बघू, यांच्यातली राखीव कोण करायची?"

रांगेत लहान मुली उभ्या होत्या. स्टेपनीला एका नजरेत कळलं. समोरचा दात पडलेली, रांगेत तिसरी. पुढची मुलगी करून दाखवत असताना हिची बोटं मांडीवर तेच करत होती. "मॅडम, हिला एकच काम धड जमेल, पाचांत घ्या," एवढं खोटं बोललं की पोर सुटली असती. ते वाक्य स्टेपनीच्या ओठांवर आलंसुद्धा. मॅडम तिच्याकडे रोखून बघत होत्या.

"ही," स्टेपनी म्हणाली.

मॅडमनी मान डोलावली. "उद्यापासून ये."

दात पडलेली पोर रांग सोडून धावत आली आणि तिचा हात धरून वर बघू लागली. "ताई, माझा पहिला नंबर आला?"

"हो," स्टेपनी म्हणाली, आणि ते तिला जराही जड गेलं नाही.