जेट्टीच्या उतारावर ब्रेक गेला तेव्हा
"आई, ब्रेक लागत न्हाय!" मुलगा ओरडला तेव्हा आमची गाडी आगरदांड्याच्या जेट्टीच्या उतारावर होती आणि खाली नुसतं पाणी होतं, फेरीबोट अजून दिघीकडून यायची होती. मागच्या सीटवर सून, सातवा महिना चाललेला. त्यानं हँडब्रेक ओढला, तोही सैल वर आला. मी ओरडले, "माझ्याकडं काय बघतोस, कठड्याला घास!" त्यानं गाडी कठड्याला भिडवली, दाराचा पत्रा करकरत सोलत गेला आणि पुढची चाकं पाण्यात गेल्यावर गाडी थांबली. गाडी ओढून गॅरेजात नेली. गॅरेजवाल्यानं चाकं उतरवली तर ब्रेकचे पॅड झिजून नुसतं लोखंड उरलं होतं, आणि हँडब्रेकची तार गंजून तुटली होती. "मावशी, हिला धुता कशानं?" "खाडीच्या पाण्यानं." गोडं पाणी प्यायलाच पुरत नाही, आणि मासळी वाहिलेली गाडी रोज धुवावीच लागते. "मिठानं ब्रेकच्या चकत्या खरबरीत झाल्या, त्यांनी पॅड खाल्ले. गाडी हाय का होडी?" म्हणत त्यानं चकत्या, पॅड, तार सगळं नवं बसवलं. घरी जायला पुन्हा तोच उतार. सून गाडीत बसेना, ती पायी उतरली. मी मुलाच्या शेजारी दार घट्ट धरून बसले. अजूनही गाडी निघण्याआधी मी त्याला ब्रेक दाबून दाखवायला लावते. तो हसतो, हसू दे. त्या दिवशी मुलगा वाचला, सून वाचली, मी वाचले आणि पोटातली नातही वाचली.