टेपमास्तरांचा घरचा प्रयोग

जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं लोकांपुढे आणणाऱ्या टेपमास्तरांना स्वतःला मात्र बोलता येत नसे. म्हणजे मुके नव्हते. तालमीत कुणी चुकलं की चांगले खणखणीत ओरडत. पण चार माणसांत बसले की त्यांच्या वाट्याचं बोलणं म्हणजे "हं, मग?" एवढंच. समोरचा त्या दोन शब्दांवर तासभर सांगत सुटे. माझ्या सासूबाई माझ्याशी कामापुरतं बोलत. त्यांनी मास्तरांना पहिल्याच भेटीत माहेरच्या भाऊबंदकीसकट सगळं सांगून टाकलं. मास्तर गेल्यावर मला म्हणाल्या, "लई चांगला माणूस. काय बोलणं हाय त्यांचं!"

खांद्याला रेक्झिनच्या पिशवीत टेपरेकॉर्डर लटकलेला असे, म्हणून टेपमास्तर. मूळचे वैजापूरकडच्या शेतकरी घरातले. नाटकाचं शिक्षण घेतलं, बरोबरचे सगळे मुंबईला गेले आणि हे औरंगाबादेत परत आले. त्यांच्या नाटकांना लेखक नसे. माणसांकडे जायचं, त्यांचं बोलणं टेपवर घ्यायचं आणि तेच शब्द, अडखळण्यासकट, नटांनी म्हणायचे. मी तेव्हा शाळेत शिकवत होते आणि संध्याकाळी त्यांच्या तालमीला जात होते. शाळेच्या सवयीनं एकदा मी एक वाक्य नीट करून म्हटलं. मास्तर उखडले. "सुनंदा, आपण हमाल आहोत. माल उतरवायचा, पोतं फोडायचं नाही."

मास्तरांचा एक नियम होता. नाटक लोकांसमोर जाण्याआधी ज्याचे शब्द असतील त्याच्या घरी जायचं आणि त्याला एकट्याला ते करून दाखवायचं. याला आम्ही घरचा प्रयोग म्हणत असू. घरचा माणूस हो म्हणाला तरच ते शब्द पुढे जायचे. वैजापूरच्या बाजारातल्या एका कांदा व्यापाऱ्याच्या ओसरीवर आमच्या भास्करनं त्याचंच बोलणं करून दाखवलं. व्यापारी चिडला. "मी असा हात नाय हलवत." आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "व्हय, अस्साच हलवता. मला बोलताना तर दोन्ही हलवता." मग सगळी ओसरी हसली, तोही हसला आणि परवानगी मिळाली.

बजाजनगरच्या कामगारांवर नाटक केलं तेव्हा एका खोलीत घरचा प्रयोग झाला. तिथली पोरं पाळीपाळीनं झोपणारी, बसायला लोखंडी पेट्या. आम्ही खबरदारी म्हणून नावं बदलली होती. प्रयोग संपल्यावर परभणीकडचा एक जण म्हणाला, "माझं नाव खरंच टाका, सर. आन गावाकडं बी करा हे नाटक. घरच्यांना वाटतंय मी इकडं बंगल्यात राहतो." मास्तरांनी नाव खरं टाकलं आणि त्याच्या गावात, मारुतीच्या पारासमोर, प्रयोगही केला. पोराची आई पदर तोंडाला लावून शेवटपर्यंत बसली होती.

मास्तर एकटे होते. लग्न केलं नव्हतं, औरंगपुऱ्यात एक खोली होती. दिवाळीला आम्ही आळीपाळीनं त्यांना घरी बोलवायचो. ते यायचे, घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस शोधून त्याच्याशेजारी बसायचे, ऐकायचे आणि निघून जायचे. त्यांना भाजी कुठली आवडते, हे आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नसतं. मी एकदा सरळ विचारलं, "मास्तर, तुमचं काहीतरी सांगा की." ते ओशाळले. "मी बोलायला लागलो की मला माझाच कंटाळा येतो." त्यांचे थोरले भाऊ एकदा गावाकडून भेटायला आले होते, तेव्हा मला म्हणाले, "ह्यो जगाचं ऐकत फिरतो. ह्याचं कोण ऐकतंय, बाई?" मी हसण्यावारी नेलं. तेव्हा आम्हाला सगळंच हसण्यावारी न्यायची सवय होती.

मास्तरांच्या मनातलं खरं नाटक वेगळंच होतं. पोलीस ॲक्शनचं. निजामाचं राज्य गेलं त्या दिवसांत इथल्या माणसांचं काय झालं, हे त्यांना दोन्हीकडच्या तोंडून ऐकायचं होतं. रझाकारांच्या धाकानं गाव सोडलेली माणसं आणि ॲक्शननंतर ज्यांच्या घरांवर आभाळ कोसळलं ती माणसं, एकाच रंगमंचावर, शेजारी शेजारी. किती तरी वर्षं ते त्यासाठी फिरले. लोक चहा देत, पानसुपारी देत आणि विषय बदलत. शेवटी शहागंजच्या मागच्या बोळात राहणाऱ्या आपा बोलल्या. आपा शिवणकाम करायच्या, एकट्या राहायच्या. त्या दिवसांत त्यांचे मियाँ घराबाहेर पडले ते परतले नाहीत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. गल्लीला जे ठाऊक नव्हतं, ते आपांनी मास्तरांना सांगितलं.

त्यानंतर दोन्हीकडची आणखी काही माणसं बोलली आणि नाटक उभं राहिलं. त्यात आपांचं काम माझ्याकडे आलं. वर्षभर तालीम चालली. "रडू नकोस," मास्तर बजावत. "आपा रडल्या नाहीत, तू कोण रडणारी?" मुंबईच्या एका मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलं. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांनी नवा शर्ट शिवला, तोही आपांकडूनच. भास्करनं मुंबईत राहायची सोयसुद्धा बघून ठेवली. महोत्सवाच्या आदल्या आठवड्यात आम्ही आपांच्या घरी गेलो.

आपांनी शिवणयंत्र बाजूला सारलं, मला खाली सतरंजी घातली आणि समोर बसल्या. मी एका दमात म्हटलं. एक शब्द चुकला नाही, डोळ्यांतून टिपूस आलं नाही. त्याहून चांगलं मी पुन्हा कधी काही केलं नाही. आपा पुढे सरकल्या. मग माझ्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "अच्छा बोली बेटी. मेरे से भी अच्छा. पर अब मैं याद करूँगी तो तेरीच आवाज आएगी. मेरे पास वोईच एक चीज थी." आणि मास्तरांकडे वळून, अगदी हळू, "बाहर नक्को बोलो, भाईसाब."

मास्तरांनी मान हलवली. पिशवीतून आपांची कॅसेट काढली आणि त्यांच्या हातात दिली. बस्स, एवढंच.

बोळाच्या तोंडाशी आम्ही मास्तरांना गाठलं. भास्कर रडकुंडीला आला होता. "मास्तर, नाव बदलू, मोहल्ला बदलू. मुंबईत आपांना कोण ओळखतंय?"

"आपा ओळखतात की," मास्तर म्हणाले.

"मग तेवढा भाग गाळू."

"मधला खांब काढून माळवद उभं राहतं का रे?"

मुंबईला नकार कळवला. मंडळींनी मास्तरांशी अबोला धरला, मीही धरला. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही. सगळ्यांची वर्षभराची मेहनत एका बाईच्या एका वाक्यावर पाण्यात घालायची, हा कुठला न्याय? पण आपांचा हात आठवला की मला पुढे भांडता येत नाही. वर्षाच्या आत भास्कर मुंबईला गेला, मालिकांतून दिसू लागला. बाकीचे नोकरीधंद्याला लागले. मास्तरांचं नाटक तिथंच संपलं.

पुढे त्यांनी माहितीपट केले. हर्सूलच्या तलावावर मासे धरणाऱ्यांचा, हिमरू विणणाऱ्या एका म्हाताऱ्याचा. तिथंही तोच नियम. ज्याचा माहितीपट त्याच्या घरी आधी भिंतीवर चादर लावून दाखवायचा. विणकरानं मुलाशी झालेलं भांडण गाळायला सांगितलं. मास्तरांनी ते गाळलं आणि माहितीपट अर्ध्यावर आला. "यात तर काहीच घडत नाही," एक जाणकार गृहस्थ मला म्हणाले. मास्तरांना ते सांगायचा धीर मला झाला नाही. त्यांना ते माहीत असावं.

शुक्रवारी दुपारी ते आपांकडे चहाला जात, टेपरेकॉर्डर खोलीवर ठेवून. दोघं काय बोलत असतील कोण जाणे. बहुतेक काहीच नाही. आपा गेल्या तेव्हा त्यांचा भाचा मास्तरांना म्हणाला, "अब करो आप वो नाटक. खाला तो गई." मास्तर म्हणाले, "त्यांना विचारायला हवं."

मास्तर आजारी पडले तेव्हा मी निवृत्त झाले होते. दवाखान्यात आळीपाळीनं बसायला आता मंडळी उरली नव्हती, म्हणून रोज मीच जायचे. एका दुपारी मी मोसंबं सोलत होते आणि मास्तर बोलायला लागले. स्वतःबद्दल. सुरुवातीला मला कळलंच नाही की हे कुणा दुसऱ्याचं नाही, त्यांचं आहे. लहानपणापासूनचं, गाव का सोडलं ते, परत का आले ते, लग्न का केलं नाही ते. नर्स सलाईन बदलून गेली तरी थांबले नाहीत. अडखळत होते, मागे जाऊन दुरुस्त करत होते. सांगून झाल्यावर त्यांनी डोळे मिटले. चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. मला एक विचारायचं होतं, पण ते फार दमले होते. म्हटलं, उद्या विचारू. पहाटे ते गेले.

मास्तरांवर लिहिते आहे म्हटल्यावर भास्करचा मुंबईहून फोन आला. म्हणाला, "सुनंदा, ते शेवटचं लिही. त्यांचं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, फक्त तुला सांगितलं. तेवढं आलं तरच खरे मास्तर लोकांना कळतील." त्याचं म्हणणं खरं आहे. मला ते शब्द न् शब्द पाठ आहे. एवढी एक विद्या त्यांनी मला दिली. पण ते मी इथं लिहिणार नाही. त्यांना विचारायचं राहून गेलं.